बेकजेचा धर्मराज : बॉप राजाची प्राणिवधबंदी आणि वांगहुंग विहाराचा काल

अशोकाच्या शिलालेखांशीं ज्यांचा परिचय आहे त्यांस राजाज्ञेनें प्राणिवध थांबविण्याची कल्पना नवी नाहीं. गुजराथच्या कुमारपालाची अमारिघोषणाही आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु हीच कल्पना बौद्ध पोथ्यांच्या संगतीनें पूर्वसमुद्रापर्यंत जाऊन तेथील एका राजाच्या चरित्रांत कशी उमटली, याची माहिती आपल्याकडे फारशी कोणी दिलेली आढळत नाहीं. कोरिया द्वीपकल्पाच्या नैर्ऋत्य भागांत बेकजे नांवाचें राज्य होतें. इ. स. ६६० मध्यें तें लयास गेलें. त्या वंशांतील एकोणतिसावा राजा बॉप हा ५९९ सालीं गादीवर आला व ६०० सालच्या पांचव्या चांद्रमासांत वारला. पुरें एक वर्षही ज्याच्या वाट्यास आलें नाहीं अशा राजाविषयीं लिहिण्याचें कारण एवढेंच कीं, त्याच्या नांवावर असलेल्या एका विहाराच्या उत्खननांत २००७ सालीं एक कोरीव लेख मिळाला आणि ग्रंथाचें प्रमाण मोठें कीं लेखाचें, हा आपल्या ओळखीचा वाद तेथेंही उभा राहिला.

प्रथम नांवाचा विचार करूं. ‘बॉप’ हा ‘धर्म’ या अर्थाच्या चिनी अक्षराचा कोरियन उच्चार. ‘बॉप-वांग’ म्हणजे शब्दशः धर्मराज. चिनी बौद्ध भाषांतरांत हा समास बहुधा बुद्धाचें विशेषण म्हणून येतो. आपल्याकडे त्याच शब्दानें युधिष्ठिर आठवतो, किंवा यम. हें नांव राजास मरणोत्तर मिळालें, कारण त्या देशीं राजाच्या कृत्यांवरून त्यास मृत्यूनंतर नांव देण्याची चाल होती. त्याचें जिवंतपणींचें नांव सॉन, आणि दुसरें एक नांव ह्योसुन असें दिलेलें आहे. या दुसऱ्या नांवाचा अर्थ ‘मातापितरांविषयीं आज्ञाधारक’ असा होतो. शब्द कन्फ्यूशसच्या संप्रदायांतला खरा, परंतु ‘ब्रह्मजाल’ नांवाच्या ज्या सूत्रास पूर्वेकडील बौद्ध बोधिसत्त्वांच्या नियमांचा आधार मानतात, त्यांत शील म्हणजेच ही आज्ञाधारकता असें समीकरण केलेलें आहे. एवढ्यावरून नांव त्या सूत्रांतून आलें असें कोणी म्हणूं नये. मात्र हें सूत्र पुढें पुन्हां आपल्यासमोर येणार आहे.

आतां साधनें. बेकजेच्या स्वतःच्या बखरी उरलेल्या नाहींत. मुख्य ग्रंथ दोन. पहिला ‘सामगुक सागी’, म्हणजे तीन राज्यांचा इतिहास. तो किम बु-सिक या दरबारी पंडितानें ११४५ सालीं ५० भागांत सिद्ध करून कोऱ्योच्या राजास सादर केला. दुसरा ‘सामगुक युसा’, म्हणजे तीन राज्यांच्या उरलेल्या गोष्टी. हा इर्यॉन (१२०६–१२८९) नांवाच्या भिक्षूनें आपल्या उतारवयांत रचला. म्हणजे बॉप राजा व पहिला ग्रंथ यांत ५४५ वर्षांचें अंतर आहे, आणि दुसऱ्यांत त्याहूनही अधिक. शिवाय या दोन्ही ग्रंथांच्या ज्या संपूर्ण जुन्या प्रती आज हातीं आहेत त्या १५१२ सालीं ग्योंगजू येथें नव्यानें कोरलेल्या लांकडी ठशांच्या आहेत. हस्तलिखितांच्या परंपरेंत वावरणाऱ्या वाचकांस यावरून काय सावधगिरी घ्यावयाची हें कळेल. तिसरें साधन चीनमधील सुई वंशाचा इतिहास. त्याचा मुख्य भाग ६३६ सालीं पुरा झाला, म्हणजे तो घटनेपासून चाळीस वर्षांच्या आंतला. पण तो परक्यांनीं लिहिलेला.

‘सागी’तील वृत्तान्त अगदीं त्रोटक आहे. राज्यारोहणाच्या वर्षीं हिवाळ्यांत, बाराव्या महिन्यांत, राजानें प्राणिवध बंद करण्याची आज्ञा काढली. लोकांनीं घरोघर पाळलेले ससाणे व शिक्रे गोळा करून सोडून दिले. मासेमारीचीं व शिकारीचीं साधनें जाळलीं. दुसऱ्या वर्षीं पहिल्या महिन्यांत वांगहुंग विहाराची स्थापना केली व तीस जणांस भिक्षुदीक्षा दिली. मोठें अवर्षण पडलें तेव्हां राजा छिलाक विहारांत जाऊन पावसासाठीं प्रार्थना करिता झाला. पांचव्या महिन्यांत तो वारला. बस्स, इतकेंच. ‘युसा’मध्यें ‘धर्मोदय’ या अर्थाच्या प्रकरणांत हीच हकीकत येते. तेथें एवढें अधिक आहे कीं, विहाराच्या बांधकामाचा नुसता आरंभ होतो न होतो तोंच राजा गेला व पुढील राजा मू यानें बापाचें काम बरींच वर्षें खर्चून पुरें केलें.

या चार ओळींतील ससाणे व शिक्रे यांजकडे मला वाचकांचें विशेष लक्ष वेधावयाचें आहे. बेकजेंत ससाणा हा केवळ करमणुकीचा पक्षी नव्हता. ‘सागी’ सांगतो कीं, चौथ्या शतकाच्या अखेरीस झालेला आसिन राजा ससाणे व घोडे यांचा मोठा षोकी होता. जपानच्या ‘निहोन शोकी’ या बखरींत (७२०) एक कथा आहे : निंतोकु राजापुढें कोणी एक अनोळखी पक्षी धरून आणिला, तेव्हां बेकजेच्या राजवंशांतील एका पुरुषानें, आमच्या देशीं हा पुष्कळ असून त्यास शिकविलें म्हणजे तो इतर पक्षी धरतो, असें सांगितलें, आणि बेकजेंतील लोक त्यास ‘कुची’ म्हणतात असेंही त्या बखरींत नमूद आहे. कथेचा काल विश्वसनीय नसला तरी, जपानांत ससाण्यांची विद्या बेकजेकडून आली अशी समजूत होती हें तींतून निश्चित दिसतें. राजवंशी व सरदार लोकांची शिकार म्हणजे लष्करी कवाईतच. सुई इतिहासांत बेकजेंतील आठ मोठ्या कुळांचीं नांवें दिलीं आहेत. अशा कुळांच्या वाड्यांवरचे ससाणे उतरवून आणणें व सोडून देणें ही गोष्ट कोळ्याचें जाळें जाळण्याहून फार निराळी. गरिबाचें पोट आणि थोरांचा मान, दोहोंवर एकाच आज्ञेनें हात पडला. कोरियाच्या इतिहासांत अशी आज्ञा पूर्वीं निघाली नव्हती असें नाहीं. शेजारच्या सिल्ला राज्यांत बॉपहुंग राजानें ५२९ सालीं प्राणिवध मना केला होता. पण जाळें व पक्षी यांची नांवनिशी तेथें नाहीं.

ही नांवनिशी कोठून आली असावी? अशोकाच्या आज्ञांत ती आहे. पांचव्या स्तंभलेखांत पोपट, मैना, हंस यांपासून अवध्य प्राण्यांची यादी असून ठराविक तिथींस मासे मारूं नयेत असें सांगितलें आहे. परंतु अशोकाचे लेख बेकजेपर्यंत पोंचले नव्हते. पूर्वेकडे अशोक पोंचला तो चिनी भाषांतरांतील अवदानकथांच्या रूपानें, स्तूप बांधणारा राजा म्हणून. जाळ्यांचा उल्लेख मात्र वर सांगितलेल्या ‘ब्रह्मजाल’ सूत्रांत स्पष्ट सांपडतो. त्याच्या अठ्ठेचाळीस लघुशीलांपैकीं दहाव्यांत शस्त्रें व जीव धरण्याचीं जाळीं-फांसे बाळगूं नयेत असें असून विसाव्यांत प्राणी सोडवून मुक्त करण्याचा उपदेश आहे. बॉप राजाची आज्ञा या दोन शीलांस तंतोतंत जुळते. गंमत अशी कीं, नांव अस्सल संस्कृत असूनही हें सूत्र पांचव्या शतकांत चीनमध्येंच रचलें गेलें असें आतां विद्वान मानतात. संस्कृत नांवाच्या आधारें हिंदुस्थानचें श्रेय सांगण्यास उतावीळ होणाऱ्या आमच्यासारख्यांनीं येथें जरा थांबावें हें बरें. खरें संस्कृत मूळ हवें असल्यास तें ‘सुवर्णप्रभास’ सूत्रांत आहे. आटलेल्या तळ्यांतील हजारों मासे वांचविणाऱ्या जलवाहनाची कथा त्यांतली, आणि पूर्वेकडील जीवमुक्तीच्या विधीस तीच मुख्य आधार झाली. शिवाय बेकजेच्या सोंग राजानें ५४१ सालीं चीनच्या लिआंग दरबाराकडून महापरिनिर्वाण सूत्रावरील व्याख्यानें मागवून घेतलीं होतीं. मांसाहाराचा निषेध करणारें प्रमुख सूत्र तेंच, आणि लिआंगचा सम्राट वू यानें ५१७ सालीं यज्ञांतील पशुबळीही बंद केले होते. बॉप राजाच्या आज्ञेची बीजें अशा रीतीनें दोन पिढ्या अगोदर पडलेलीं होतीं.

हिंदुस्थानशीं बेकजेचा प्रत्यक्ष संबंध होता काय, हा प्रश्न येथें सहज उठतो. ३८४ सालीं बौद्धधर्म तेथें नेणाऱ्या भिक्षूचें नांव कोरियन ग्रंथांत ‘मारानान्था’ असें आहे. मूळ रूपाच्या अखेरीस ‘आनंद’ शब्द असावा हें उघड दिसतें. पण त्यास ‘हू’ देशाचा म्हटलें आहे, आणि तो शब्द मध्य आशियांतील व हिंदुस्थानांतील, दोन्हीं लोकांस लावीत. ग्यॉमिक नांवाचा बेकजेचा भिक्षु हिंदुस्थानांत जाऊन ५२६ सालीं विनयग्रंथांच्या संस्कृत पोथ्या घेऊन परतला, ही हकीकत ऐकावयास फार गोड आहे. परंतु तिला आधार म्हणजे १९१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या कोरियन बौद्धधर्माच्या एका इतिहासांत उद्धृत केलेली एका विहाराची नोंद. ‘सागी’त ती नाहीं, ‘युसा’तही नाहीं. तिजवर फार भार घालूं नये असें माझें मत आहे.

अवर्षणाविषयीं दोन शब्द. ‘सुवर्णप्रभासां’त राजधर्म सांगतांना असें म्हटलें आहे कीं, राजा अधर्मानें वागूं लागला म्हणजे देव रुष्ट होतात व ऋतु विपरीत होतात. जीवहत्या बंद करून महिने लोटले नाहींत तों देशांत पाणी नाहीं, अशी स्थिति झाल्यावर सूत्रें जाणणाऱ्या दरबारांत व न जाणणाऱ्या कोळीवाड्यांत काय बोललें गेलें असेल, हें लिहून ठेवणारा कोणी मिळाला नाहीं.

आतां विहाराकडे वळूं. वांगहुंग विहार साबी या राजधानीच्या (हल्लींचें बुयो) समोर नदीपलीकडे होता. ‘सागी’प्रमाणें तो ६३४ सालीं पुरा झाला व राजा दर वेळीं नावेंत बसून तेथें धूप वाहण्यास जाई. ‘युसा’मध्यें एका खडकाची नोंद आहे : त्यावर दहांहून अधिक माणसें बसूं शकत, आणि राजा नदी उतरण्यापूर्वीं तेथून बुद्धास वंदन करी तेव्हां तो खडक आपोआप ऊन होई, म्हणून त्यास ‘ऊन दगड’ म्हणत. १९३४ सालीं त्या बाजूच्या एका खेड्यांत ‘वांगहुंग’ अशीं अक्षरें असलेलें कौल मिळालें व स्थान निश्चित झालें. २००० सालापासून तेथें पद्धतशीर उत्खनन चाललें. २००७ च्या आक्टोबरांत लांकडी स्तूपाच्या मध्यस्तंभाखालील शिळेंत कोरलेला एक खळगा सांपडला. त्यांत कांशाचा करंडा, त्याच्या आंत रुप्याचा, व त्याच्या आंत सोन्याची कुपी. करंड्यावर पांच-पांच अक्षरांच्या ओळींनीं एकूण २९ अक्षरें कोरलेलीं आहेत. त्यांचा आशय असा : तिङ-यौ वर्षीं दुसऱ्या महिन्याच्या पंधराव्या दिवशीं बेकजेचा राजा छांग यानें मृत राजपुत्राकरितां स्तंभ उभारला, शरीरधातु मूळ दोन होते, पुरतेवेळीं दैवी प्रभावानें तीन झाले. सोन्याची कुपी उघडली तेव्हां तींत दोनही नव्हते व तीनही नव्हते. २०१९ सालीं या करंड्यांस कोरियाचा राष्ट्रीय ठेवा म्हणून मान्यता मिळाली.

सोपाऱ्याचा स्तूप ज्यांनीं वाचला आहे त्यांस ही रचना ओळखीची वाटेल. १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तेथें दगडी पेटींत तांब्याचा, त्यांत रुप्याचा, आणि तसेंच पुढें पाषाण, स्फटिक व शेवटीं सोन्याचा, असे एकांत एक करंडे उघडले होते. मौल्यवान पदार्थ आंत आंत नेण्याची ही परिपाटी कोंकणकिनाऱ्यापासून कुम नदीपर्यंत एकच आहे. शब्दही एकच आहे. ‘शरीर’ याचें चिनीतून कोरियनमध्यें ‘सारी’ झालें. स्तंभास योजलेला ‘छाल’ हा शब्दसुद्धां संस्कृताच्या घरचा; कोणी तो ‘क्षेत्र’ शब्दाशीं जोडतात, कोणी ‘यष्टि’शीं. स्तूपावरील छत्रयष्टि ज्यांनीं लेखांत वाचली आहे त्यांस दुसरा पक्ष जवळचा वाटेल, व मलाही तोच वाटतो. दुसऱ्या महिन्याची पंधरावी तिथि पूर्वेकडे बुद्धाच्या परिनिर्वाणाची मानतात; ती योगायोगानें निवडलेली नव्हे.

तिङ-यौ हें साठ वर्षांच्या चक्रांतील एक वर्ष. तें ५७७ असेल किंवा ६३७. पण छांग म्हणजे विदोक राजा. तो ५५४ पासून ५९८ पर्यंत राज्यावर होता, म्हणून ५७७ हेंच खरें. छांगचा काल दुसऱ्या एका लेखानेंही पक्का होतो. बुयोजवळ नुंगसान येथें १९९५ सालीं मिळालेल्या दगडी धातुपेटिकेवर छांग राजाचें तेरावें वर्ष व तिङ-हाय (५६७) हें चक्रवर्ष अशीं दोन्हीं एकत्र दिलेलीं आहेत. तेव्हां ज्या विहाराची स्थापना दोन्ही ग्रंथ ६०० सालीं सांगतात, तेथील स्तूपाचा पाया तेवीस वर्षें अगोदर घातला गेला होता, यांत संशयास जागा नाहीं.

लेख सांपडतांच ‘सागी’ खोटी ठरली असें पुष्कळांनीं लिहिलें. मला तें घाईचें वाटतें. लेखांत विहाराचें नांव नाहीं. ‘वांगहुंग’ अक्षरांचें जें कौल मिळालें तें पुढील कोऱ्यो काळांतलें. म्हणजे त्या जागेस मागाहून हें नांव होतें एवढें तें सिद्ध करतें. ५७७ सालीं होतें असें नव्हे. ‘वांगहुंग’ याचा अर्थ ‘राजाचा उत्कर्ष’. पोटच्या मेलेल्या मुलासाठीं बापानें उभारलेल्या स्तूपास हें नांव त्या वेळीं दिलें असेल हें मनास पटत नाहीं. म्हणून असें दिसतें कीं, छांगनें ५७७ त स्मारकाचा स्तूप उभारला. बॉपनें ६०० त त्याच जागीं तीस भिक्षूंची नेमणूक करून व नवें बांधकाम आरंभून राज्याचा विहार स्थापिला व बहुधा नांवही दिलें. मूनें ६३४ त तो पुरा केला. आपल्याकडे तरी काय होतें? वेरुळचें घृष्णेश्वर मंदिर कोणी बांधलें म्हणून यात्रेकरूस विचारावें, तो अहिल्याबाईचें नांव सांगेल. त्यांत तो खोटें बोलत नाहीं. दरबारी दप्तरांत राज्यकर्त्याच्या नांवावर जें काम चढलें तेंच किम बु-सिकच्या हातीं आलें, एवढाच अर्थ घ्यावा.

पण याहून महत्त्वाचा प्रश्न निराळाच आहे, व त्याजकडे पुरेसें लक्ष गेलेलें दिसत नाहीं. बॉप राजा हा छांगचा कोण? ‘सागी’प्रमाणें छांग ५९८ च्या बाराव्या महिन्यांत वारल्यावर त्याचा भाऊ ह्ये गादीवर आला, तो दुसऱ्याच वर्षीं वारला, आणि त्याचा वडील मुलगा बॉप राजा झाला. दीड वर्षांत बेकजेनें तीन राजे गमावले. सुई इतिहास मात्र बॉपला छांगचाच मुलगा म्हणतो. ‘सागी’कारानेंही हा मतभेद प्रामाणिकपणें नोंदवून ठेवला आहे. सुईचें खरें धरल्यास बॉपनें आपल्याच मृत भावाच्या स्मारकाभोंवतीं विहार बांधण्यास घेतला, आणि त्यांत घरगुती दुःखाची परंपरा दिसते. ‘सागी’चें खरें धरल्यास, भावाच्या शाखेनें गादी घेतल्यावर थोरल्या शाखेचें स्मारक आपल्या नांवावर करून घेतलें असा अर्थ होतो, आणि ‘राजाचा उत्कर्ष’ या नांवाला वेगळीच धार येते. छांगला दुसरा मुलगा नव्हता असेंही नाहीं. आजा नांवाचा बेकजेचा राजपुत्र ५९७ सालीं जपानास गेल्याची नोंद ‘निहोन शोकी’त आहे. म्हणजे ५७७ पूर्वीं वारलेला तो हा नव्हे. बापाच्या मृत्यूनंतर गादी त्याजकडे न जातां काकाकडे गेली, आणि पुढें त्याचें काय झालें याविषयीं बखरी मुक्या आहेत.

माझा कल ‘सागी’कडे आहे. सुई इतिहासांत ह्ये राजाचा उल्लेखच नाहीं. एक वर्षाचा राजा ज्या दूरच्या दरबाराच्या नजरेंतून निसटला, त्यानें पुढच्या राजास मागच्याच्या मागच्या राजाचा मुलगा ठरविलें तर नवल नाहीं. वंशावळ्या जुळविणाऱ्यांकडून हा प्रकार आपल्याकडेही पदोपदीं घडतो. लागोपाठच्या मृत्यूंत सरदारांचा हात असावा असा तर्क कांहीं विद्वान करतात. ससाण्यांची हकीकत पाहतां तर्कास जागा आहे. प्रमाण नाहीं.

एक पाठभेद संग्राहकांच्या कामाचा म्हणून देतों. करंड्यावरील ‘मृत’ हें अक्षर कांहीं जण ‘तीन’ असें वाचतात, कारण कांशावर घाईनें ओढलेल्या रेघांत दोन्ही अक्षरें जवळ येतात. तसें वाचल्यास ‘तीन राजपुत्रांकरितां’ असा अर्थ होईल व वरील सर्व मांडणींतील मृत भाऊ नाहींसा होईल. परंतु त्याच लेखाच्या अखेरीस ‘तीन’ हें अक्षर, शरीरधातु तीन झाले या वाक्यांत, आलेलेंच आहे. तें शेजारीं ठेवून पाहावें. राजपुत्राच्या नांवाशिवाय नुसतें ‘राजपुत्र’ म्हणणें हेंही मृतासच अधिक शोभतें.

‘युसा’विषयीं एक इशारा द्यावा लागतो. तिनें वांगहुंग विहार व इकसान येथील मिरुक विहार एकच मानले आहेत. इकसान साबीच्या दक्षिणेस बरेंच दूर असून तेथें नावेनें जाण्याचा प्रश्न नाहीं. मिरुक विहार मूच्या राणीनें, सिल्लाच्या राजकन्येनें, मागून घेतला अशी तींत मोठी सुरस कथा आहे. २००९ च्या जानेवारींत तेथील पश्चिमेकडच्या दगडी स्तूपांत जो सुवर्णपत्र निघाला, त्यावर ६३९ साल असून राणी बेकजेच्याच साथेक कुळांतील एका मंत्र्याची मुलगी असल्याचें कोरलेलें आहे. इर्यॉन भिक्षूचा ग्रंथ अमूल्य आहे, पण त्याच्या गोष्टी त्याच्या तिथींहून अधिक विश्वासानें वाचूं नयेत.

बॉपची आज्ञा किती दिवस चालली? ६०२ सालींच मू राजानें सिल्लावर मोठें सैन्य धाडलें, आणि ६३२ सालीं तो स्वतः शिकारीस गेल्याचें ‘सागी’त लिहिलेलें आहे, तेव्हां शिकारीपुरती तरी ती संपली होती. ६६० सालीं साबी पडल्यावर बेकजेचे उरलेले लोक वांगहुंग विहाराजवळच्या टेकडीवरील गढींत जमून लढूं लागले. अकराव्या महिन्यांत सिल्लाचा राजा मुयॉल नदी उतरून तिजवर चालून गेला. गढी सात दिवसांनीं हातीं आली, आणि तेथें सातशें माणसांचीं डोकीं मारलीं गेलीं.